पाळणे, लळा आणि ऋण : खोकडाच्या पिलाच्या निमित्ताने

मराठी भाषेने खोकडाकडे फारसे लक्ष दिलेले नाही. कोल्हा मात्र तिच्या म्हणींत, बालकथांत आणि निंदाव्यंजक शब्दप्रयोगांत सर्वत्र वावरतो. 'कोल्हा काकडीला राजी' या म्हणीमागे शेताच्या बांधावर आयुष्य काढलेल्या माणसाचे निरीक्षण आहे. कोल्हा खरोखरच रानातल्या काकड्यांवर ताव मारतो. 'कोल्ह्याला द्राक्षे आंबट' ही म्हण मात्र इसापाकडून आली, आणि येताना तिने प्राणी बदलला. इसापाचे जनावर खोकडाच्या कुळातले. मराठी अवताराने त्याच्या जागी कोल्हा बसवला, कारण धूर्ततेचे आसन पंचतंत्रातील करटक-दमनकांनी आधीच कोल्ह्याच्या नावे करून ठेवले होते. खोकडाच्या वाट्याला 'म्हातारे खोकड' एवढा हेटाळणीचा प्रयोग उरला. वाङ्मयीन संकेतव्यवस्थेने ज्या प्राण्यावर कोणताही गुण फारसा लादलेला नाही, त्याच्याविषयीचा नैतिक प्रश्न एका अर्थी स्वच्छ राहतो. तेथे रूपक आड येत नाही.

प्रश्न असा : संकटातून सोडवलेले रानटी पिलू घरात वाढवून त्याला सोबती करणे, हे त्या पिलाचे हित आहे की सोडवणाऱ्याचे?

लातूर जिल्ह्यातील मुरुडच्या आसपास हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. बालाघाटाच्या पठाराचा हा प्रदेश. काळ्या रानांच्या मधून मुरमाड माळ पसरलेले. भारतीय खोकड उपखंडाबाहेर कोठेही आढळत नाही आणि असा उघडा, कमी झाडीचा माळ हेच त्याचे खरे घर. मांजराहून थोडे मोठे, शेपटीचे टोक काळे, उंदीर, सरडे, टोळ, वाळवी आणि बोरांवर गुजराण करणारे हे जनावर नरमादीच्या जोडीने राहते आणि उन्हाळ्याच्या तोंडी बिळात पिलांना जन्म देते. कागदोपत्री हा माळ बहुधा 'पडीक'. त्यामुळे नांगराखाली किंवा मुरूम काढणाऱ्या यंत्राखाली बीळ उघडे पडते तेव्हा काही मोडले अशी नोंद कोठेच होत नाही. तळहातावर मावेल एवढे पिलू कोणीतरी उचलतो, कापसाच्या बोळ्याने दूध पाजतो. येथपर्यंतच्या कृतीवर आक्षेप घेणारा माणूस विरळा.

आक्षेपाचा आरंभ त्यानंतर होतो, आणि तो ओळखण्यासाठी मराठीतील दोन-तीन क्रियापदे नीट वाचली तरी पुरे. 'माणसाळणे' या शब्दात माणूस धातूच्याच ठिकाणी बसला आहे : प्राण्यात जे घडते त्याचे मोजमाप माणूस. 'पाळणे' हे क्रियापद याहून गुंतागुंतीचे. गाय पाळतात, कुत्रा पाळतात. तसाच शब्द पाळतात, व्रत पाळतात, पथ्य पाळतात. पहिल्या प्रयोगात पाळणारा मालक असतो, दुसऱ्यात तो बांधलेला असतो. एकाच क्रियापदाच्या पोटात सत्ता आणि बंधन शेजारी नांदत आहेत, हे भाषेचे सहज शहाणपण म्हणावे लागेल. तिसरा प्रयोग 'लळा लागणे'. 'जीव लावणे' याला कर्ता लागतो. लळा मात्र लागतो, कोणी लावत नाही. नैतिक जबाबदारीचे गणित कर्त्यावाचून मांडता येत नाही, आणि प्रस्तुत प्रकरणात सर्वांत मोठी घटना कर्त्यावाचून घडते.

भारतीय परंपरेत या घटनेची सर्वांत कठोर चिकित्सा भागवताच्या पाचव्या स्कंधात आढळते. राज्य सोडून गंडकीच्या तीरी पुलहाश्रमात राहणारा भरत एक गाभण हरिणी पाणी पिताना पाहतो. सिंहाच्या गर्जनेने ती घाबरून नदी ओलांडण्यास झेपावते, गर्भ पाण्यात पडतो, आणि ती पलीकडे जाऊन मरते. भरत ते पाडस वाचवतो. पुढे त्याचे नित्यकर्म सुटते. पाडस दृष्टीआड झाले की तो व्याकूळ होतो. मरतानाही त्याच्या मनात तेच असते, आणि तो मृगयोनीत जन्मतो. कीर्तनपरंपरेने या कथेचा अन्वयार्थ आसक्तीचा अनर्थ असा लावला. तो चुकीचा नाही, परंतु अपुरा आहे. संहिता सावधपणे वाचली तर दिसते की वाचवण्याच्या कृतीला भागवत दोष देत नाही. उलट शरण आलेल्याला टाकणे हा दोष, असा भरताचा युक्तिवाद ती विस्ताराने नोंदवते. दोष नंतरचा आहे. पण तो दोष कोणाविरुद्ध? कथेच्या मूल्यव्यूहात तो भरताने स्वतःच्या मोक्षाविरुद्ध केलेला आहे. मरणोन्मुख भरताच्या शेजारी ते हरीण पुत्रासारखे शोक करीत बसले आहे, एवढे सांगून कथा भरताच्या पुढील जन्माकडे वळते. आश्रमात वाढलेल्या, कळप न पाहिलेल्या त्या हरिणाचे पुढे काय झाले, हा प्रश्न तिला पडत नाही. पाळणाऱ्याचे नुकसान कथेचा विषय होते. पाळलेल्याचे नुकसान होत नाही.

कालिदास या बाबतीत अधिक सावध आहे. 'शाकुंतला'च्या चौथ्या अंकात आश्रम सोडून निघालेल्या शकुंतलेचा पदर मागून ओढणारे पाडस येते. त्याच्या तोंडाला झालेल्या जखमेवर तिने इंगुदीचे तेल लावले होते, मूठ-मूठ सावे भरवून वाढवले होते. हा प्रसंग सामान्यतः करुणरसाच्या परिपोषासाठी उद्धृत होतो. परंतु त्यात एक व्यावहारिक तरतूदही आहे : शकुंतला त्या पाडसाला आता पिता कण्व तुझी काळजी घेतील असे सांगते. जी जात आहे ती ऋण हस्तांतरित करून जाते. पाचव्या अंकात दीर्घापांग नावाच्या हरिणपाडसाची आठवण निघते. दुष्यंताच्या हातचे पाणी ते पीत नाही, शकुंतलेच्या हातून पिते. त्यावर राजा हसून म्हणतो की ज्याचा त्याचा आपल्या सहवासातल्यांवर विश्वास. राजाचा विनोद बाजूला ठेवला तर येथे एक कठोर वस्तुस्थिती उरते. लळा लागलेल्या प्राण्याचा विश्वास मनुष्यजातीवर नसतो, एका हातावर असतो. तो हात गेला की प्राण्याचे जग अर्धे होते. आणि तो विश्वास सर्व माणसांवर पसरला तर धोका अधिकच, कारण मग पिलू शिकाऱ्याच्या किंवा दगड मारणाऱ्या पोराच्या हातालाही भिणार नाही. दोन्ही बाजूंनी हानी प्राण्याचीच.

आधुनिक संवेदनेने या विषयावर सर्वाधिक आधार घेतला तो सेंत-एक्झुपेरीच्या 'छोटा राजपुत्र'चा (१९४३). त्यातील प्राणी योगायोगाने खोकडाच्याच कुळातला. तो राजपुत्राला स्वतःहून विनवतो की मला माणसाळव. माणसाळवणे म्हणजे बंध निर्माण करणे हेही तोच समजावतो. आणि ज्याला माणसाळवले त्याची जबाबदारी कायमची, हा निष्कर्षही त्याच्याच तोंडी येतो. कृतीची नैतिकता निर्दोष ठरते, कारण मागणी प्राण्याची आहे. हा रम्य करार आहे, आणि त्यातील संमती लेखकाने लिहिलेली आहे. एक्झुपेरी १९२७-२८ च्या सुमारास आफ्रिकेतील केप जुबीच्या हवाई तळावर होता. तेथे त्याने लांब कानांचे एक वाळवंटी खोकड पाळले होते आणि बहिणीला लिहिलेल्या पत्रात त्याचे वर्णन केले होते : देखणे, पण श्वापदासारखे रानटी. ज्या जनावराने प्रत्यक्षात काहीच मागितले नाही, त्याच्या तोंडी पंधरा वर्षांनी मागणी घातली गेली. या पुस्तकाची थोरवी कमी करण्याचे कारण नाही. मात्र जबाबदारीच्या त्या सुप्रसिद्ध सिद्धान्ताचा आधार घेऊन जो घरात रानटी पिलू ठेवतो, त्याने हे ध्यानात घ्यावयास हवे की सिद्धान्ताचा पूर्वार्ध, म्हणजे विनवणी, त्याच्या पिलाने केलेला नाही.

काही जण येथे विज्ञानाचा दाखला देतात. नोव्होसिबिर्स्क येथे दिमित्री बेल्यायेव यांनी १९५९ पासून रुपेरी खोकडांवर केलेल्या प्रयोगात पिढ्यान्‌पिढ्या केवळ शांत प्राणी निवडून जोड्या लावल्या गेल्या आणि माणसाला पाहून शेपूट हलवणारी पिले निपजली. पण हे प्राणी मुळात कातड्यासाठी पिंजऱ्यात वाढवलेल्या वंशातले होते, आणि प्रयोगाने सिद्ध झाले ते एवढेच की वंश बदलता येतो. मुरुडच्या माळावरच्या एका पिलाच्या बाबतीत असे काही घडत नाही. त्याचा वंश तोच राहतो, फक्त त्याचे बालपण बदलते. वयात येताच जमीन उकरणे, रात्री भटकणे, ठिकठिकाणी मुतून हद्द आखणे हे सर्व परततेच. आणि ज्यांनी त्याला 'आपले' म्हटले होते त्यांना ते बिघडल्यासारखे वाटू लागते. बिघडलेले नसते.

कायद्याची भूमिका या संदर्भात रूक्ष असली तरी विचारार्ह आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमातील ३९ व्या कलमान्वये ज्याच्या ताब्यात असा प्राणी येतो त्याने ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवावयाचे असते. प्राणी शासनाच्या मालकीचा मानला जातो. मालकीची ही भाषा नैतिकदृष्ट्या ओबडधोबड आहे, कारण खोकड जसे शेतकऱ्याचे नाही तसे सचिवालयाचेही नाही. परंतु ४८ तासांच्या मर्यादेत, हेतू असो वा नसो, एक मानसशास्त्र आहे. एवढ्या अवधीत भूक भागते. लळा पुरता लागत नाही.

अमेठी जिल्ह्यातील सारसाच्या प्रकरणाने कायदा आणि लळा यांतील हे अंतर सर्वांसमोर आणले. एका शेतकऱ्याने २०२२ मध्ये पाय मोडलेला सारस बरा केला. पिंजरा नव्हता, दोरी नव्हती. पक्षी उडून जाई आणि परत येई, मोटारसायकलीच्या मागे उडे. मार्च २०२३ मध्ये वनविभागाने तो नेला, आणि अखेरीस त्याची रवानगी कानपूरच्या प्राणिसंग्रहालयात झाली. स्वातंत्र्याच्या नावाने मोकळा पक्षी बंदिस्त व्हावा, यातील विसंगतीवर लोकांनी नेमके बोट ठेवले. तरीही उघडे दार म्हणजे संमती, असे सरसकट म्हणता येणार नाही. जो परततो तो निवड करून परततो की दुसरे जगणे त्याच्या ओळखीचे उरले नाही म्हणून? प्रौढ वयात जखमी झालेल्या आणि रान पाहिलेल्या सारसाबाबत पहिली शक्यता तरी धरता येते. डोळे पुरते उघडण्यापूर्वी उचललेल्या खोकडाच्या पिलाबाबत ती धरता येत नाही.

यावर सर्वांत सबळ प्रतिवाद हेमलकशाने उभा केला आहे. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी १९७३ च्या डिसेंबरात भामरागडच्या जंगलात लोकबिरादरी प्रकल्पाचे काम सुरू केले. शिकार करून परतणाऱ्या माडिया लोकांजवळ मारलेली माकडीण होती आणि तिला बिलगलेले जिवंत पिलू. डॉ. आमटे यांनी ते मागून घेतले; 'बबली' हे त्याचे नाव पुढे सर्वपरिचित झाले. त्यानंतर बिबटे, अस्वले, तरस अशा अनाथ प्राण्यांचा गोतावळाच जमला. येथे वर मांडलेला आक्षेप लागू पडत नाही, कारण आई मेलेली आहे आणि पर्याय रान नसून भांडे आहे. माडियांची शिकार भुकेपोटी होती. तिला क्रौर्य म्हणणे हा पोट भरलेल्यांचा न्याय होईल, आणि डॉ. आमट्यांनी तसा न्याय केला नाही, हे या घटनेचे दुसरे मोल. तथापि हेमलकसा हा अपवाद कशामुळे आहे हे विसरून चालणार नाही. तेथे 'पाळणे' दुसऱ्या अर्थाने, व्रताच्या अर्थाने आले : दशकानुदशके, कुटुंबाच्या पुढच्या पिढीलाही बांधून घेत. मुरुडच्या घरात हौसेने ठेवलेल्या पिलाला हा अर्थ लाभत नाही. बबलीचे उदाहरण देणारे बहुतेक जण बबलीची आई मेली होती हा तपशील गाळून बोलतात.

आणि तपशील तोच निर्णायक आहे. एकटे दिसणारे पिलू अनाथ असतेच असे नाही. आई भक्ष्यासाठी गेलेली असते किंवा माणसांच्या गलबल्याने दूर थबकलेली असते. उचलणाऱ्याच्या दयेने ते अनाथ होते, आणि मग त्या अनाथपणामुळे त्याला सांभाळणे आवश्यक ठरते. जो उपकार आपली गरज स्वतःच निर्माण करतो त्याला उपकार म्हणावे काय? येथे ऋणाची दिशा उलटते. पिलू पाळणाऱ्याचे ऋणी नसते. पाळणारा त्याच्या हिरावलेल्या आईचे देणे लागतो.

मराठवाड्याच्या संतपरंपरेत याच्या नेमकी उलट अशी दोन चित्रे आहेत, पण भूतदयेचे दृष्टान्त म्हणून ती इतक्यांदा सांगितली गेली की त्यांतील रचना दिसेनाशी झाली. पैठणचे एकनाथ रामेश्वरासाठी नेत असलेले गंगाजल तहानलेल्या गाढवाला पाजतात. नामदेव भाकरी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावतात. एकनाथांनी ते गाढव घरी नेले असे कथा सांगत नाही. नामदेवांचा कुत्रा थांबून त्यांचा झाला असेही नाही. दोन्ही कथांत जे द्यावयाचे ते दिले जाते आणि प्राणी आपल्या वाटेने जातो. गाढव आणि कुत्रा ही गावातलीच जनावरे, त्यांना ठेवून घेणे सहज शक्य होते. तरी कथेला ते सुचत नाही. भरताच्या कथेत करुणा घर करते. या कथांत ती रस्त्यावरच संपते, आणि त्यामुळे उणी ठरत नाही.

जुन्नर परिसरात ऊसतोडीच्या वेळी बिबट्याची पिले सापडतात, तेव्हा वनविभाग आणि माणिकडोहच्या निवारण केंद्रातील माणसे आता हेच करतात. पिले तपासून संध्याकाळी जेथे सापडली तेथेच खोक्यात ठेवली जातात आणि सर्वांना मागे हटवले जाते. माणसाच्या हाती एवढेच काम उरते की दूर अंधारात गप्प बसावे. बहुधा आई येते आणि मानेला धरून एकेक पिलू नेते. कधी ती पहिल्या रात्री येत नाही. मग पिलांना दूध पाजून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खोके पुन्हा त्याच सरीत नेऊन ठेवावे लागते.