वळणाच्या अलीकडे

बास्केट जिथून दिसत नाही, अशा एका होलवर आज थोडा वेळ उभं राहू. खेळायची घाई नाही. डिस्क पिशवीतच असू द्या.

जागा अमेरिकेतली आहे. जॉर्जिया राज्यात, ॲपलिंग गावाजवळ, एका मोठ्या तलावाकाठी पाइनचं जंगल आहे आणि त्यात डिस्क गोल्फचे, म्हणजे चेंडूऐवजी डिस्क फेकत साखळ्यांच्या बास्केटपर्यंत न्यायच्या खेळाचे, तीन कोर्स. त्यातला नेमका एखादा होल मी सांगत नाही. असल्या जंगलात जसा असतो, तसा मनाशी मांडून घेऊ. पायाखाली टी-पॅड, म्हणजे सिमेंटचा लांबट ओटा. पुढे तांबडी माती, तिच्यावर वाळलेल्या पाइनच्या सुयांचा थर. दोन्ही अंगांना सरळसोट बुंधे आणि मधून दोन बैलगाड्या शेजारी शेजारी जातील एवढा फेअरवे. सत्तर-ऐंशी मीटर तो सरळ जातो आणि एकदम डावीकडे वळतो. इतका एकदम, की वाट संपलीच असं वाटावं. ह्याला डॉगलेग म्हणतात. कुत्र्याचा मागचा पाय पाहिलात तर नाव कुठून आलं ते कळेल.

ओट्याशेजारी पाटी आहे. तिच्यावर होलचं चित्र आणि अंतर. एकदा नीट पाहा आणि नजर पाटीवरून काढून घ्या.

आता नजर कुठे जाते, एवढंच बघा.

डावीकडे जाईल. बास्केट त्या बाजूला आहे हे पाटीनं सांगितलंय, मग डोळे झाडाझाडांतून फटी शोधायला लागतात. इथून काढली तर? त्या दोन बुंध्यांमधून? ह्या खेळात एक लाडकं वाक्य आहे : झाड म्हणजे नव्वद टक्के हवाच. म्हणणाऱ्यानं उरलेल्या दहा टक्क्यांचा टणकन् आवाज ऐकलेला असतो, तरी पुढच्या खेपेला तो पुन्हा हेच म्हणतो. नजर फटींत जातेय तर जाऊ द्या. तिला रागवू नका. थोड्या वेळानं ती दमेल, मग तिला हळूच समोर आणा, जिथे वाट मोडते त्या कोपऱ्यावर. तिथे काहीच नाही. ना खांब, ना साखळ्या. थोडं ऊन पडलेलं आहे, एवढंच.

तुम्हाला फेकायचंय ते त्या उन्हाकडे.

आता पिशवीतून एक डिस्क काढा. साधारण पावणेदोनशे ग्रॅम वजन, जेवणाच्या ताटापेक्षा बरीच लहान. कडेवरून अंगठा फिरवा. लांब जाणाऱ्या डिस्कची, ड्रायव्हरची, कड पातळ आणि निमुळती असते; जवळून टाकायच्या पटरची जाड, बोथट. सुदर्शन चक्र आठवलं असेल तर आठवू द्या. फरक एवढाच, की ते परत येत असे. ही आणायला तुम्हालाच चालत जावं लागणार, आणि तीन मिनिटांत सापडली नाही तर नियमानं ती हरवली.

चक्रापेक्षा इथे भोवरा कामाचा आहे. लहानपणी जाळी गुंडाळून फेकलेला भोवरा आठवा. जोरात फिरत असतो तेव्हा एका जागी इतका स्थिर, की झोपलाय असं आपण म्हणायचो. जोर ओसरला की तो डुलायला लागतो, आणि ढकललं त्या बाजूला सरळ पडत नाही, भलतीकडेच कलतो. डिस्कचं हेच आहे. उजव्या हातानं छातीसमोरून, बॅकहँड फेकलेली डिस्क वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांसारखी फिरते. ती जोरात असते तोवर सरळ जाते, काही डिस्क तर जराशा उजवीकडे झुकतात. त्याला टर्न म्हणतात. मग वेग उतरतो. डिस्क खाली येऊ लागते, आणि हवेचा उचलून धरणारा जोर तिच्या मध्यापासून पुढच्या कडेकडे सरकतो. पुढची कड वर उचलली जाईल असं वाटतं. पण गरगरणाऱ्या वस्तूला दिलेला धक्का पाव फेरा पुढे जाऊन उमटतो. उचलली जाते ती उजवी कड, आणि डिस्क डावीकडे कलून वळते. हा फेड.

इथे जरा थांबा. वाचून पुढे जाऊ नका.

हातातून सुटली तेव्हा डिस्क वळत नव्हती. जोर होता तोवर ती वळायला तयारच नव्हती. कोपऱ्यावर तिला वळवलं ते तिच्या दमण्यानं. म्हणजे ह्या होलवर तुम्ही जो मोजायचा तो जोर नव्हे, जोर कुठे संपावा ते ठिकाण. वीस मीटर आधी संपला तर डिस्क वळणाअलीकडच्या झाडांत. वीस मीटर उशिरा संपला तर समोरच्या भिंतीत. हे मनात फेकून बघा, पण सावकाश : डिस्क सुटली, बुंध्यांमधून गेली, सरळ, अजून सरळ, आता आवाज कमी झाला, आता ती किंचित रेंगाळली आणि डावी कड खाली गेली. झाडाआड. दिसेनाशी.

पुन्हा एकदा. ह्या वेळी फक्त ते रेंगाळणं पाहा.

वळण उजवीकडे असेल तर? मग हीच सवय आड येते. हात कलता धरून डिस्कला उजव्या अंगावर सोडायची, ते अनहायझर; किंवा सरळ फोरहँड मारायचा, नदीत चपटा दगड टाकून भाकऱ्या काढतात तसा. त्यानं फिरायची दिशा उलटते आणि फेडही उजवीकडे जातो. डावखुऱ्याला हे सगळं उलटं. डावखुरा माणूस जगात क्वचितच सोयीत सापडतो, तो उजव्या वळणाच्या होलवर सापडतो.

वळण जितकं तीव्र तितका होल चांगला, असं मात्र मी मानत नाही. कोपऱ्यावर अंगणाएवढी मोकळी जागा हवी. नाहीतर नीट फेकलेली डिस्क आणि वेडीवाकडी फेकलेली डिस्क दोन्ही एकाच झुडपात जातात, मग नीट फेकायचं कशाला? कोपरा वरून कापून जाणाऱ्यांसाठी काही ठिकाणी एका झाडावर बाण लावतात : ह्याच्या उजवीकडूनच गेलं पाहिजे. त्याला मँडो म्हणतात. मला तो बाण थोडा केविलवाणा वाटतो. जंगल चांगलं असेल तर बाणाचं काम झाडंच करतात.

आता डोळे मिटा. डिस्क झाडाआड गेली आहे. उरले कान.

ह्या खेळाचा पहिला कायमचा कोर्स १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये झाला, एड हेड्रिक ह्यांनी आखलेला. त्याआधी लोक झाडाला, खांबाला डिस्क मारत, आणि लागली की नाही ह्यावर वाद घालत. हेड्रिकनी लोखंडी खांबाला साखळ्या टांगल्या, खाली टोपली बसवली. १९७७ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. साखळ्या डिस्क थोपवतात, आणि वाजतात. समोर दिसणाऱ्या बास्केटला त्या वाजण्याची फार गरज नाही. वळणापलीकडच्या बास्केटची एकुलती एक बातमी तीच. हेड्रिक २००२ मध्ये गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची राख डिस्कच्या प्लॅस्टिकमध्ये मिसळून डिस्क ओतल्या गेल्या. आपण उभे आहोत त्या जंगलातल्या एका कोर्सला त्यांचं नाव आहे.

ऐका. पाइनमधून वारा जातोय. एक फांदी कुठेतरी कुरकुरली. साखळ्या वाजल्या नाहीत. अशा होलवर पहिल्या फेकीत त्या बहुधा वाजतच नाहीत, तरी कान लावून उभं राहायची सवय सुटत नाही.

डोळे उघडा आणि चालायला लागा. सुयांवर पाऊल वाजत नाही. टी-पॅडवरून सपाट दिसलेली जमीन इथे थोडी उतरती आहे. तिथून कळलं नव्हतं. भिंतीसारखी दिसलेली झाडं जवळ गेल्यावर सुटी सुटी होतात. आणि ही तुमची डिस्क, कोपऱ्याच्या थोडी अलीकडे, कड मातीत रुतलेली.

तिच्यामागे उभे राहा. पुढची फेक इथूनच, डिस्कमागच्या वीस सेंटीमीटर रुंद आणि तीस सेंटीमीटर खोल जागेत एक पाय टेकवून. मागे वळून पाहा : टी-पॅड दिसतं, त्यावर पुढच्या गटातलं कोणीतरी येऊन उभं आहे, नजर झाडांतल्या फटींत. डावीकडे पाहा : पन्नास मीटरवर बास्केट, साखळ्यांवर ऊन. दोन्ही एकदम दिसतं ते ह्या एवढ्याच जागेवरून.

ओट्यावरचा माणूस तुम्ही पुढे जायची वाट बघतोय. हात वर करा, म्हणजे त्याला कळेल की इथे कोणीतरी आहे.