आगंतुकाचा धर्म

परदेशात जाऊन मोबदल्याविना इंग्रजी शिकविणाऱ्या स्वयंसेवकाच्या कामाला विद्यादान म्हणावे काय, हा प्रश्न वरकरणी सोपा वाटतो, कारण जेथे मोबदला नाही तेथे दान आहे असे सहसा गृहीत धरले जाते. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायातील सात्त्विक दानाची कसोटी मात्र एवढ्यावर थांबत नाही. परतफेडीची अपेक्षा नसावी या अटीच्या जोडीला तेथे देश, काल आणि पात्र यांचा विवेक सांगितला आहे, म्हणजे कोठे, केव्हा आणि कोणाला द्यावे हे देणाऱ्याला कळले पाहिजे. नव्याने आलेल्या परदेशी शिक्षकापाशी नेमका हाच विवेक नसतो, आणि तो नसताना वर्गापुढे उभे राहण्याचा अधिकार त्याला कशाने मिळतो, हा खरा धर्मप्रश्न होय.

या दृष्टीने थायलंडचे उदाहरण तपासण्यासारखे आहे. अमेरिकी शासनाने 1961 मध्ये स्थापन केलेल्या पीस कोअरचे स्वयंसेवक 1962 पासून तेथे जात आले असून, सुमारे तीन महिन्यांचे प्रशिक्षण आणि त्यानंतर दोन वर्षांची सेवा असा त्यांचा शिरस्ता आहे. प्रशिक्षणाच्या काळात स्वयंसेवक एखाद्या थाई कुटुंबात राहतो आणि वडीलधाऱ्यांसमोरून जाताना किती वाकावे, बसताना पाय कोणाकडे करू नयेत, हे घरातल्या पोरांकडूनही शिकतो. मेच्या मध्यास शाळा उघडतात आणि जूनमध्ये, बहुधा गुरुवारीच, ‘वाय ख्रू’ म्हणजे गुरुवंदनेचा समारंभ होतो. विद्यार्थी गुडघ्यांवर सरकत शिक्षकांपुढे येतात आणि उंच बैठक असलेल्या तबकातून फुले अर्पण करतात. त्यांत परंपरेने पेंटगुळाची फुले, हरळी, वांग्याची फुले आणि भाताच्या लाह्या असतात. सुईसारखी कळी असलेले पेंटगूळ तल्लख बुद्धीचे, तुडवली तरी पुन्हा फुटणारी हरळी चिकाटीचे आणि मान खाली घालून उमलणारे वांग्याचे फूल नम्रतेचे चिन्ह मानले जाते. (दूर्वा आणि लाह्या पूजेत वापरणाऱ्या मराठी वाचकाला हे तबक फारसे परके वाटणार नाही.) ज्याला वर्गातील मुलांची नावेही अजून धड उच्चारता येत नाहीत, असा स्वयंसेवकसुद्धा खुर्चीत बसून हे वंदन स्वीकारतो. या वंदनामागे आहे ‘बुन खुन’, म्हणजे उपकारातून निर्माण होणारे आणि सहसा न फिटणारे ऋण. थाई समाजात ते आईवडिलांइतकेच शिक्षकांचेही मानतात, आणि येथे तर शिक्षकाने काही देण्यापूर्वीच मुलांनी ते मान्य केलेले असते. त्याला मिळालेला हा मान उधारीचा असतो, हे त्याने विसरता कामा नये.

इव्हान इलिच या कॅथलिक धर्मगुरूने एप्रिल 1968 मध्ये, मेक्सिकोत सेवेसाठी निघालेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांसमोर बोलताना त्यांच्या सद्‌हेतूंवरच प्रहार केला होता. पाहण्यास या, शिकण्यास या, पण मदत करण्यास येऊ नका, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. आक्षेप वजनदार आहे, तरी शिकणे आणि मदत करणे यांची त्याने केलेली फारकत टिकणारी नाही, कारण यजमान देशाने शिक्षक मागितला असेल, तर नुसते पाहुणे म्हणून राहणे हीही एक पळवाटच ठरते.

यापेक्षा अधिक उपयोगी विचार विनयपिटकात, म्हणजे भिक्षुसंघाच्या शिस्तीच्या ग्रंथात, सापडतो. त्यातील चुल्लवग्गात ‘आगंतुकवत्त’ सांगितले आहे. वत्त म्हणजे पाळावयाचा आचार. दुसऱ्या विहारात येणाऱ्या भिक्षूने वहाणा काढून झटकाव्यात, छत्री मिटावी, पिण्याचे पाणी कोणते व वापरण्याचे कोणते हे विचारावे, निवासस्थान, भिक्षेसाठी फिरण्याचा प्रदेश आणि शौचाची जागा यांची चौकशी करावी, संघाने आपसांत कोणते नियम ठरविले आहेत व आत-बाहेर जाण्याच्या वेळा कोणत्या हेही जाणून घ्यावे, असा तो आचार आहे. येणारा भिक्षू कितीही विद्वान असला तरी विचारण्याचे हे काम त्याला चुकत नाही. उलट बाजूने, विहारातील रहिवासी भिक्षूंनी आसन मांडून व पाय धुण्यास पाणी ठेवून त्याचे स्वागत करावे, असेही तेथे सांगितले आहे. नव्या जागी रुजणे म्हणजे सवय होणे नव्हे, तर परावलंबन संकोच न करता पत्करणे, आणि गीतेला अपेक्षित असलेला देशकालपात्राचा विवेक असे विचारता विचारताच येतो, हे या नियमांच्या तपशिलातून जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही उपदेशातून होत नाही.

थायलंडमध्ये रोज पहाटे दिसणारी भिक्षाफेरीही देणाऱ्याचे हे परावलंबन दाखवते: भिक्षू आभार मानत नाही, अन्न वाढणाराच हात जोडतो, कारण घेणाऱ्याने पुण्याची संधी दिली अशी त्याची समजूत असते. स्वयंसेवकाने स्वतःला या दोहोंपैकी वाढणाऱ्याच्या जागी ठेवून पाहावे.

चुल्लवग्गाच्या त्याच प्रकरणात निघून जाणाऱ्या भिक्षूचाही आचार दिला आहे: लाकडी व मातीचे सामान जागच्या जागी ठेवावे, दारेखिडक्या लावाव्यात आणि निवासस्थान दुसऱ्यावर सोपवून जावे. दोन वर्षांनी जाणाऱ्या शिक्षकाच्या बाबतीत सोपविण्याची वस्तू म्हणजे त्याचा वर्ग, आणि तो सहकारी थाई शिक्षकाच्या हाती चालता राहील अशा स्थितीत सोपविता आला नाही, तर त्या कामाला सेवा म्हणता येईल, विद्यादान म्हणता येणार नाही.