‘डिलीट केलं’ म्हणजे नेमकं काय केलं?

मागच्या पावसाळ्यात एका शनिवारी सकाळी मला एका ताईंचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, पण नेहमीचाही नव्हता. “अरे, तू म्हणाला होतास की लेख काढून टाकलाय. मग तो परत कसा दिसतोय?”

मी लॅपटॉप उघडला. लेख खरंच दिसत होता. शीर्षक, नाव, वर्ष, सगळं जागच्या जागी.

हा लेख परत कसा आला याचं तांत्रिक कारण मला पंधरा मिनिटांत सापडलं. पण त्यानंतर जो प्रश्न डोक्यात बसला, तो अजून तिथेच आहे. म्हणून हे लिहितोय.

मी डोंबिवली पूर्वेला राहतो आणि ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून नोकरी करतो. आमच्या भागातलं एक मंडळ बरीच वर्षं एक छोटं त्रैमासिक काढतं. तीन-चारशे प्रती, त्याही बहुतेक सभासदांच्या घरी जाणाऱ्या. २६ जुलै २००५ च्या पुरात मंडळाच्या तळमजल्यावरच्या खोलीत पाणी शिरलं आणि जुन्या अंकांचे गठ्ठेच्या गठ्ठे लगदा होऊन गेले. तेव्हापासून “हे सगळं कॉम्प्युटरवर आणायला हवं” असं दर वार्षिक सभेत कुणीतरी म्हणायचं. इंजिनिअरिंग संपवून मी नोकरीला लागलो, तेव्हा संपादक बाईंनी मला हाक मारली. लहानपणी मी त्यांच्याच वाचनालयातून पुस्तकं न्यायचो. नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. वर्डप्रेस २००३ पासून आहे, फुकट आहे, आणि एका संध्याकाळी वेबसाइट उभी राहिली असती. पण मी म्हणालो, आपण स्वतःची सीएमएस बनवू. सीएमएस म्हणजे वेबसाइटच्या मागची खोली. संपादक तिथे लेख टाकतात, दुरुस्त करतात, काढतात आणि त्यासाठी त्यांना कोडिंग यावं लागत नाही. जुने अंक, लेखकांची सूची, विषयवार मांडणी असं बरंच काही आपल्याला हवंय, तयार सिस्टीममध्ये ते नीट बसणार नाही, असं मी बाईंना सांगितलं. त्यातलं निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं म्हणजे मला ती स्वतः बनवून बघायची होती.

आठ-नऊ महिने शनिवार-रविवार त्यात गेले. बँकेतून निवृत्त झालेले एक काका जुने छापील अंक समोर ठेवून टाईप करायचे. मधल्या वर्षांचे अंक डीटीपीच्या फायलींमध्ये होते, पण युनिकोड नव्हते. त्या काळच्या फाँटमध्ये पडद्यावर ‘क’ दिसायचा, पण आत कुठलंतरी रोमन अक्षर असायचं. फाँट काढला की अख्खा लेख म्हणजे इंग्रजी अक्षरांचा चिवडा. तो परत मराठीत आणणारी स्क्रिप्ट मी लिहिली. ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या अक्षरावर जाऊन बसायची, रफार हरवायचा, मग काका तो शोधून काढायचे. काम सुंदर झालं. त्याचा मला अभिमान होता, अजूनही आहे.

याच कामात मी दोन छोटे निर्णय घेतले. तेव्हा ते निर्णय आहेत असं वाटलंही नव्हतं.

पहिला निर्णय ‘डिलीट’ बटणाचा. बहुतेक प्रोग्रॅमर करतात तेच मी केलं. लेखांच्या टेबलात ‘इज-डिलीटेड’ नावाचा एक रकाना ठेवला. बटण दाबलं की त्यात शून्याचा एक होतो. वेबसाइट फक्त शून्यवाले लेख दाखवते. लेख कुठेही जात नाही, फक्त दिसायचा थांबतो. यात वाईट काही नाही. चुकून बटण दाबलं गेलं तर लेख परत आणता येतो. आमच्या धंद्यात याला शहाणपण म्हणतात.

दुसरा निर्णय ‘सेव्ह’ बटणाचा. लेखात दुरुस्ती केली की जुन्या मजकुराच्या जागी नवा मजकूर बसायचा. जुना कायमचा गेला. आधीच्या आवृत्त्या जपून ठेवायचं काम ‘नंतर करू’च्या यादीत होतं. ती यादी तुम्हालाही माहीत असेल.

आता ताईंच्या लेखाकडे येतो. २००६ च्या एका अंकात त्यांनी आपल्या धाकट्या भावाच्या दारूबद्दल लिहिलं होतं. कल्याण स्टेशनच्या फलाटावरून त्याला रात्री घरी आणणं, आईने शेजाऱ्यांना सांगितलेली कारणं, आणि स्वतःला आलेला त्याचा राग. मी टाईप झालेला लेख तपासताना वाचला होता. त्या सगळ्या अंकांमधला तो सर्वांत चांगला लेख आहे, असं माझं मत आहे. छापून आला तेव्हा तो काहीशे घरांत गेला, वाचला गेला आणि रद्दीत किंवा माळ्यावर गेला. मी तो वेबसाइटवर टाकला, आणि दोन वर्षांनी दहावीतल्या एका मुलाने सहज आपल्या बाबांचं नाव गूगलवर टाकलं. पहिलाच रिझल्ट हा होता.

भावाने दारू सोडून तेव्हा दहाहून जास्त वर्षं झाली होती. मुलाला यातलं काही ठाऊक नव्हतं.

ताईंनी फोन करून लेख काढायला सांगितलं. संपादक बाई तयार नव्हत्या. “छापलं ते छापलं. उद्या प्रत्येक जण येईल आणि म्हणेल माझं काढा. मग अंक राहील का?” बाईंचं म्हणणं चुकीचं नव्हतं. शेवटी ताईंच्या शब्दाला मान देऊन त्यांनी होकार दिला. मी बटण दाबलं आणि ताईंना म्हणालो, “काढून टाकला.”

मी खोटं बोलतोय असं मला तेव्हा अजिबात वाटलं नाही. बटणावर ‘डिलीट’ लिहिलेलं होतं. आणि ते मीच लिहिलं होतं.

मागच्या वर्षी आम्ही वेबसाइट नव्या सर्व्हरवर नेली. मी नवीन टेबल केलं, जुना मजकूर त्यात ओतला आणि ‘इज-डिलीटेड’ हा एक रकाना न्यायला विसरलो. जेवढे म्हणून लपवलेले लेख होते, तेवढे सगळे सकाळी उठून उभे राहिले.

त्याच आठवड्यात दुसरी गोष्ट झाली. काका जुने लेख नव्या साइटवर नीट आलेत का ते बघत होते. १९९८ च्या वार्षिक सभेच्या वृत्तांतापाशी ते थांबले. “अरे, इथे इमारत निधीवरून झालेल्या वादाचा एक परिच्छेद होता. मी स्वतः टाईप केलाय. तो कुठे गेला?” मी डेटाबेसमध्ये पाहिलं. नव्हता. जुन्या सर्व्हरवरही नव्हता. शेवटचा बदल कधी झाला तेवढं कळत होतं. कुणी केला, काय केला, याची नोंदच नव्हती, कारण ती ठेवणारं कोड मी लिहिलंच नव्हतं. नंतर कळलं की कार्यकारिणीतल्या एका सदस्यांनी संपादकांच्या लॉगिनने तो परिच्छेद काढला होता. सभेत हिशोबाबद्दल ज्यांना प्रश्न विचारले गेले, ते हेच.

म्हणजे जे पुसलं जायला हवं होतं ते राहिलं, आणि जे राहायला हवं होतं ते पुसलं गेलं. दोन्ही माझ्या कोडमुळे.

आपण मराठी लोक मजकूर बदलण्याच्या प्रश्नाला नवखे नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. पुढच्या तीनशे वर्षांत उतरवून घेणाऱ्यांच्या हातून तिच्यात पाठभेद शिरले. एकनाथांनी प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला आणि शेवटी ओव्यांमध्येच लिहून ठेवलं की हे काम मी केलं, शके १५०६ मध्ये केलं, आणि का केलं. यापुढे कुणी आपली ओवी घुसडू नये अशी तंबीही दिली. आम्ही कोड बदलताना ‘कमिट मेसेज’ लिहितो : कोणी, कधी, काय, का. एकनाथांचा कमिट मेसेज सव्वाचारशेहून जास्त वर्षं टिकलाय. आणि तो आहे म्हणूनच पुढे १९०९ मध्ये वि. का. राजवाडे एकनाथांच्या आधीची म्हणून एक वेगळी प्रत छापू शकले आणि लोक दोन्हींबद्दल वाद घालू शकले. दुरुस्ती उघडपणे केली की मागचं दार बंद होत नाही. माझ्या सीएमएसमध्ये मात्र दुरुस्ती म्हणजे मुकाट्याने केलेली चोरी होती. आणि चोराला किल्ली मी दिली होती.

मग नियम सोपा वाटतो : काहीच पुसू नका, प्रत्येक बदलाची नोंद ठेवा. विकिपीडिया बहुतांशी तेच करतो. प्रत्येक लेखाचा इतिहास कुणालाही उघडून बघता येतो. पण हा नियम ताईंपाशी येऊन मोडतो. ‘२००६ चा हा लेख अमुक कारणाने काढला’ अशी पाटी, आणि खाली जुन्या आवृत्तीची लिंक? दहावीतला मुलगा सगळ्यात आधी तिथेच बोट ठेवील.

मी १९९८ चा परिच्छेद परत टाकायचं ठरवलं. एका सभासदांच्या माळ्यावर तो छापील अंक मिळाला. तेव्हा ते सदस्य मला भेटायला आले. भांडायला नाही. चहा घेता घेता म्हणाले, “त्या बाईंनी सांगितलं तर लेख निघतो. मी सांगितलं तर मी चोर. माझीही नातवंडं गूगल करतात रे.”

मला लगेच उत्तर देता आलं नाही. लोकलमधून येता-जाता मी त्यावर विचार करत राहिलो.

पहिलं उत्तर असं सुचलं की ताईंचा लेख खाजगी दुःखाबद्दल होता आणि वृत्तांत सगळ्यांच्या पैशाबद्दल. भावाने आपलं आयुष्य कुणासमोर मांडलं नव्हतं, ते त्याच्या बहिणीने मांडलं. लेख ताईंचा होता, आयुष्य त्याचं होतं. उलट ज्याने लोकांची वर्गणी हाताळली, त्याला प्रश्न विचारले गेले ही गोष्ट लोकांची आहे. दुसरा फरक रीतीचा. ताईंनी उघडपणे मागितलं, नकार ऐकून घेतला, कारण सांगितलं. यांनी विचारलंच नाही. हे दोन्ही फरक मला आजही खरे वाटतात.

पण नातवंडांची गोष्टही खरी आहे. सत्तावीस वर्षांपूर्वीच्या एका सभेतले चार प्रश्न हीच त्या माणसाची इंटरनेटवरची ओळख असावी का?

स्पेनमध्ये मारिओ कोस्तेखा गोन्सालेस यांचा असाच खटला झाला होता. १९९८ मध्ये त्यांच्या थकबाकीपोटी मालमत्तेच्या लिलावाची सूचना एका वर्तमानपत्रात आली. कर्ज फिटलं, वर्षं गेली, तरी गूगलवर नाव टाकलं की तीच सूचना यायची. १३ मे २०१४ रोजी युरोपियन न्यायालयाने निकाल दिला : नावाच्या सर्चमधून गूगलने ती लिंक काढावी. वर्तमानपत्राच्या संग्रहातली सूचना मात्र तशीच राहिली. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही दुरुस्ती आणि खोडण्याचा हक्क आला आहे. पण मला त्या निकालातलं एक साधं शहाणपण उपयोगी पडलं. एखादी गोष्ट जपून ठेवणं वेगळं, आणि ती रस्त्यात येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात कोंबणं वेगळं. माळ्यावरचा अंक ज्याला हवा तो शिडी लावून काढतो. गूगल शिडी मागत नाही.

म्हणून १९९८ चा वृत्तांत पूर्ण आहे. ‘मधल्या काळात यातला एक परिच्छेद काढला गेला होता, छापील अंकावरून तो पुन्हा घातला आहे’ अशी तारखेसह ओळ खाली आहे. मात्र त्या पानावर मी सर्च इंजिनांसाठी ‘हे पान सूचीत घेऊ नका’ अशी खूण घातली आहे. साइटवर येऊन अंक उघडणाऱ्याला तो मिळेल, नुसतं नाव टाकणाऱ्याला नाही. ते सदस्य खूश नाहीत. बाईही पूर्ण खूश नाहीत. कदाचित हेच बरोबर असेल, कदाचित ही फक्त तडजोड असेल.

सीएमएसही बदलली. आता बटणं दोन आहेत. ‘लपवा’ आणि ‘कायमचं काढा’. दुसऱ्यासाठी दोन जणांची संमती लागते, आणि ते दाबलं की मजकूर खरोखर जातो. प्रत्येकाला वेगळं लॉगिन आहे आणि दुरुस्तीच्या आधीची प्रत राहते. हे जवळपास सगळं वर्डप्रेसमध्ये आयतं मिळालं असतं. त्यात जुन्या आवृत्त्या जपल्या जातात, आणि कचरापेटीतला लेख तीस दिवसांनी आपोआप नष्ट होतो. अनेकांनी ठेचा खाऊन शिकलेलं शहाणपण त्यात होतं. स्वतःचं बनवायच्या हौसेत मी ते सोडलं, आणि माझ्या ठेचा दुसऱ्यांना लागल्या.

‘कायमचं काढा’ हे बटण सगळ्यात आधी ताईंच्या लेखासाठी वापरलं. मग मी त्यांना फोन केला. या वेळी ‘काढून टाकला’ म्हणालो नाही. म्हणालो, “वेबसाइटवरून गेलाय. बॅकपच्या फायलींमध्ये अजून आहे, त्या तीस दिवसांनी जातील. गूगलला पान काढायची विनंती केलीय, त्याला थोडे दिवस लागतील. मधल्या काळात कुणी स्क्रीनशॉट घेतला असेल, तर ते माझ्या हातात नाही. आणि छापील अंक लोकांच्या घरी आहेत.”

त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “छापील असू दे. तो मीच लिहिलाय. पण हे एवढं तू पहिल्यांदाच सांगायला हवं होतंस.”

तीस दिवसांनी मी शेवटची बॅकप फाईल गेली का ते बघितलं आणि त्यांना एक मेसेज केला. त्यांनी फक्त हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं.