फुगविलेले केस आणि असत्य

प्रसाधन हें एक प्रकारचें असत्यच होय, असा आक्षेप नीतिवादी मंडळी वारंवार घेतात. या आक्षेपाची परीक्षा करण्यास उलटी फणी फिरवून केस फुगविण्याची कला हें उत्तम उदाहरण आहे. शिकागो येथील केशरचनाकार मार्गारेट विन्ची हेल्ट यांनीं १९६० सालीं एका व्यावसायिक मासिकासाठीं मधमाश्यांच्या पोळ्यासारखी उंच केशरचना सिद्ध केली. त्याच दशकांत आपल्याकडील हिंदी चित्रपटांच्या नायिकाहि फुगविलेल्या केसांनीं पडद्यावर वावरूं लागल्या.

या कलेचें रहस्य साधें आहे. केसाच्या पृष्ठभागावर मुळाकडून टोकाकडे, कौलांप्रमाणें एकावर एक बसलेले सूक्ष्म खवले असतात. फणी उलट दिशेनें ओढली कीं ते उचलले जातात, केस एकमेकांत अडकतात, मुळाशीं गुंत्याची गादी बनते आणि वरचे केस तिच्यावर उभे राहतात. केसांची संख्या वाढत नाहीं, वजनहि वाढत नाहीं. वाढते ती केवळ आंतली पोकळी.

मग हें असत्य नव्हे काय? भास आहे खरा. परंतु भास दोषास्पद ठरतो तो त्यावर विसंबून कोणी नाडला गेला तरच. वधूपरीक्षेंत गंगावन लावून मुलगी बसविली तर तेथें फसवणूक होते, हें मान्य केलें पाहिजे. मात्र माणसाची किंमत वेणीच्या लांबीवरून ठरविणाऱ्यास तक्रारीचा अधिकार कितपत पोंचतो, हाहि प्रश्न आहे. एरवीं केसांच्या उंचीवर विसंबून कोणी कांहीं व्यवहार करीत नाहीं. या हौसेची किंमत मोजते ती हौस करणारीच. कारण उचललेले खवले झिजतात आणि केस तुटतात.

आतां दुसऱ्या प्रकारची फुगवणूक पाहावी. मूठभर ज्ञान उलटें विंचरून त्याचा जाड ग्रंथ करणारे पंडित आपल्यांत थोडे नाहींत. तेथेंहि वाढलेली असते ती पोकळीच. परंतु तिच्यावर विसंबून विद्यार्थी आपलीं वर्षें खर्च करतात, आणि किंमत लेखकाला नव्हे, त्यांना द्यावी लागते. तरीहि पहिल्या फुगवणुकीला आपण नटवेपणा म्हणतों आणि दुसरीला विद्वत्ता. सत्याची चाड असणाऱ्यांनीं आरशापुढील फणीची झडती घेण्यापूर्वीं आपल्या मेजावरील लेखणीची घ्यावी, हेंच न्यायाला धरून होईल.