उतारावरचा धडा

भोंगवलीतला एक पोरगा दीड वर्ष झालं ट्रकवर किन्नर आहे. गाडी पुसायची, टायर ठोकून बघायचे, मागं घेताना ‘येऊ द्या, येऊ द्या’ करायचं, रात्री उस्तादाला, म्हणजे ड्रायव्हरला, झोप येऊ नये म्हणून बोलत राहायचं आणि घाटात गाडी बंद पडली की उडी मारून चाकामागं दगड लावायचा. या सगळ्याच्या बदल्यात एक दिवस स्टिअरिंग हातात येईल, ही आशा. परवा सुट्टीला आला तेव्हा पारावर बसून त्यानं मला विचारलं, “काका, उस्तादाचं सगळंच ऐकायचं असतं का?”

घडलं होतं ते असं. कात्रजचा नवा बोगदा मागं टाकून गाडी पुण्याकडं उतरत होती. रात्र सरत आलेली, रस्ता मोकळा. उस्तादानं त्याला स्टिअरिंगवर बसवलं होतं. उतार लागला तसा उस्ताद म्हणाला, “काढ गिअर. उताराला कोण डिझेल जाळतं?” पोरानं गिअर काढला नाही. मग शिव्या बसल्या. “माझ्या गाडीवर माझी अक्कल चालंल. लय कळत असंल तर उतर खाली.” पोरानं मुकाट्यानं गाडी न्यूट्रल केली. त्या दिवशी काही झालं नाही. पण तेव्हापासून त्याला नीट झोप लागत नाही.

या उताराला इतिहास आहे. २० नोव्हेंबर २०२२च्या रात्री याच उतारावर नवले पुलाजवळ एका अवजड गाडीनं अनेक वाहनांना धडक दिली. आधी सगळे म्हणाले, ब्रेक फेल. मग प्राथमिक तपासात पोलिसांनी सांगितलं की चालकानं उतारावर इंजिनच बंद केलं होतं. त्यानंतरही त्या उतारावर माणसं गेली आहेत.

यातलं यंत्र कुणालाही समजेल इतकं सोपं आहे. ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात आणि ती हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनवर चालतो. इंजिन बंद केलं की टाकीत उरलेली हवा तेवढीच आपली. ब्रेक दाबावा तसा हवेच्या दाबाचा काटा खाली येतो आणि स्टिअरिंगही जड होतं. नुसतं न्यूट्रल केलं तर इंजिन चालू राहतं, पण त्याची ओढ सुटते. सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात, पकड जाते. गंमत अशी, की नव्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की डिझेलचा पुरवठा आपोआप थांबतो. म्हणजे ज्या बचतीसाठी जीव टांगणीला लावायचा, ती बचतही बरीचशी मनातलीच.

मग उस्ताद मूर्ख आहे का? मुळीच नाही. मालक डिझेल मोजून देतो, उरेल ते त्याचं. त्याच्या उस्तादानंही त्याला हेच शिकवलं होतं. आणि या पोराला दीड वर्ष जेवू घातलं, आजारपणात दवाखान्यात नेलं, ते याच माणसानं. वाईट धडा वाईट माणसाकडून आला असता तर प्रश्नच नव्हता. जो आपल्याला अन्न आणि हुन्नर दोन्ही देतो, त्याच्याकडून तो येतो, तेव्हा नाही म्हणताना जीभ जड होते.

मी पोराला सहज म्हणालो, “सोड की ती गाडी.” तो हसला. “काका, दुसऱ्या गाडीवर पण उस्तादच असतोय.”

त्या हसण्यानं मी गप्प झालो. घरी आल्यावर वाटलं, गाठ न्यूट्रलच्या बरीच आधी पडली आहे. पोराकडं हेवीचं लायसन नाही, शिकाऊही नाही. कायदा म्हणतो, माल वाहणारी गाडी चालवायला वय २० पूर्ण हवं, हलक्या वाहनाचं लायसन मिळून वर्ष झालेलं हवं, शिकाऊ परवाना हवा, गाडीला लाल ‘L’ अक्षराची पाटी हवी आणि शेजारी लायसनवाला असा बसलेला हवा की त्याला गाडी थांबवता येईल. प्रत्यक्षात शिकवणं होतं ते रात्री, रस्ता रिकामा बघून, कुणाला न सांगता. ती उस्तादाची मेहेरबानी असते, आणि मेहेरबानीची पावती नसते. जी विद्या चोरून मिळाली, तिच्याबद्दल तक्रार कुठं करायची? चूक बोलून दाखवावी तर पहिली चूक आपलीच निघते. उस्ताद शिवी देऊन पोराला गप्प करतो असं दिसतं, पण त्याचं तोंड त्याच्या कितीतरी आधी, पहिल्यांदा स्टिअरिंग हातात मिळालं त्या रात्रीच बंद झालेलं असतं.

आपल्याला ही गोष्ट जुनी आहे. सारथ्याच्या घरी वाढलेला कर्ण खोटं बोलून परशुरामाकडून अस्त्र शिकला, आणि रथाचं चाक जमिनीत रुतलं त्या घटकेला ते त्याला आठवेना. आपण ती शापाची कथा म्हणून ऐकतो. मला आता त्यात वेगळं दिसतं. त्या नात्यात खरं बोलायला जागाच नव्हती. शिष्याला आपण कोण हे सांगता येत नव्हतं, कारण सांगितलं असतं तर विद्या मिळाली नसती. अशी विद्या ऐन वेळी हात सोडते, याला शाप कशाला हवा?

उस्तादाचे सगळे धडे न्यूट्रलइतके सरळ चुकीचे नसतात, हेही सांगायला हवं. “कुणाला लागली गाडी तर थांबू नको, पब्लिक जिवंत सोडायची नाही,” हा प्रत्येक किन्नराच्या कानावर पडणारा धडा. त्यातली भीती खोटी नाही. मोटार वाहन कायद्यानंही ती मानली आहे. जखमीला उपचार मिळवून देणं हे चालकाचं कर्तव्य, पण जमावाच्या संतापामुळं ते शक्य नसेल तर सूट, असं कलम १३४ म्हणतं. मात्र तिथून निघालेल्यानं जवळचं पोलीस ठाणं गाठून अपघाताची खबर द्यायची असते. जानेवारी २०२४मध्ये देशभरातले ट्रकचालक संपावर गेले, ते नव्या न्यायसंहितेतल्या दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या भीतीनं. ती तरतूदही खबर न देता पळून जाणाऱ्यासाठीच होती. ‘पळ’ आणि ‘चौकी गाठ’, दोन्ही धड्यांत गाडी तिथून हलतेच. पण दुसऱ्या धड्यानं रस्त्यावर पडलेल्या माणसाला निदान रुग्णवाहिका मिळण्याची आशा उरते. चांगला उस्ताद शिष्याची भीती पुसत नाही, त्या भीतीला पत्ता देतो.

आणि आपण? १९६१च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं दिवसाचे आठ तास ठरवले, पाच तासांच्या आत अर्ध्या तासाची विश्रांती ठरवली. आपण ठरवलं की माल सकाळी पोचला पाहिजे. शिरवळच्या कारखान्यातून निघालेलं खोकं आणि भोर तालुक्यातून मार्केट यार्डात गेलेली भाजी, दोन्हींचा हिशेब त्या केबिनमध्ये होतो. तिथं उस्ताद जे शिकवतो, त्यातलं थोडं आपणच त्याच्या कानात सांगितलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी पोराला दोनच गोष्टी सांगितल्या. एक, आधी शिकाऊ परवाना काढ. कागद झाला की शिकणं उजेडात येईल, आणि उजेडात शिकणाऱ्याला प्रश्न विचारता येतो. दुसरी, उस्तादाशी वाद उतारावर घालू नको. सुटलेल्या गाडीत दोघांचं भांडण म्हणजे तिसराच धोका. जे सांगायचं ते ढाब्यावर, गाडी उभी असताना, चहा त्याच्या हातात दिल्यावर सांग. “उस्ताद, तुमच्यामुळंच हात बसला. पण गिअर मी काढणार नाही,” एवढंच. दोन्ही वाक्यं खरी आहेत, तेव्हा दोन्ही एकदम बोलायची. पहिलं गिळलं तर तो उद्धटपणा, दुसरं गिळलं तर लाचारी.

तो सोमवारी पहाटे गेला. ते ढाब्यावरचं बोलणं झालं की नाही, मला ठाऊक नाही. कदाचित उस्तादानं त्याला खाली उतरवलंही असेल. पण घाटात गाडी मागं सरकायला लागली की चाकाखाली दगड लावणं हे किन्नराचंच काम, आणि त्यासाठी उस्तादाच्या परवानगीची वाट कुणी बघत नाही.