विचारल्याशिवाय काढू नये

वसमतच्या एका वाचनालयात पुस्तकांची देवघेव संगणकावर नोंदवली जायची. त्यासाठी 'कोहा' वापरत. न्यूझीलंडमधल्या ग्रंथालयांसाठी तयार झालेली आणि जानेवारी २००० मध्ये सुरू झालेली ही प्रणाली खुली आणि विनामूल्य आहे, म्हणून आपल्याकडच्या लहान वाचनालयांनाही ती परवडते. खाली लिनक्स होतं, डेबियन ११. त्याचा नियमित सुरक्षा-दुरुस्त्यांचा काळ ऑगस्ट २०२४ मध्ये संपला, तेव्हा आता बारावर जायचं असं ग्रंथपाल बाईंनी ठरवलं.

काम गावातल्या दुरुस्तीच्या दुकानातल्या मुलाकडे आलं. मुलगा हाताचा चपळ आणि मनाचा सरळ. त्याने आज्ञा दिली आणि मशीन अडलं. छपाईच्या 'कप्स' या संचातली काही पॅकेजं २.४.२ आवृत्ती मागत होती आणि त्याच संचातलं एक पॅकेज २.३.३ सोडायला तयार नव्हतं.

लिनक्समध्ये एकही प्रोग्राम एकट्याच्या बळावर उभा नसतो. एकाच संचातली पॅकेजं तर बहुधा एकमेकांच्या नेमक्या आवृत्तीशी बांधलेली असतात. हा हिशेब 'ॲप्ट' करतो. ९ मार्च १९९९ च्या डेबियन २.१ बरोबर तो पहिल्यांदा आला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १ मे रोजी, परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. आपल्या जिल्ह्याच्याच वयाचा हा हिशेबनीस जमाखर्च जुळला नाही की पुढचं पाऊल टाकत नाही. लोक याला बिघाड म्हणतात. मला ती त्याची सचोटी वाटते.

"बाई, जबरदस्तीनं बसवून टाकतो," मुलगा म्हणाला. "नाहीतर फॉरमॅट मारू. दुपारपर्यंत मोकळे."

बाईंची भाची नांदेडला बीसीए करून नुकतीच परतली होती. ती म्हणाली, "थांब जरा. ते का अडलंय ते आधी बघू."

पहिल्यांदा तिने कोहाचा सगळा डेटा पेन ड्राइव्हवर उतरवून घेतला. मग 'ॲप्ट-मार्क शोहोल्ड' देऊन कोणी काही रोखून धरलंय का ते पाहिलं. यादी कोरी. मुलाने खांदे उडवले. मग तिने 'ॲप्ट पॉलिसी' म्हणून त्या एका पॅकेजची चौकशी केली. जुन्या आवृत्तीसमोर आकडा होता १००१.

साध्या पॅकेजला ॲप्ट पाचशेचं वजन देतो. हजाराच्या वर वजन म्हणजे काहीही झालं तरी हीच आवृत्ती ठेव, वेळ पडली तर मागे जा, पण हीच. असा आकडा आपोआप पडत नाही, कोणीतरी तो बसून लिहिलेला असतो. 'प्रेफरन्सेस' च्या कप्प्यात ती फाइल सापडली. तीन ओळी ॲप्टसाठी होत्या आणि चौथी 'एक्स्प्लनेशन' ची. ती ओळ ॲप्ट विचारात घेत नाही, ती नंतर येणाऱ्या माणसासाठी असते. तिथे लिहिलं होतं: 'लेबल प्रिंटर. विचारल्याशिवाय काढू नये.'

"हे आपल्या जुन्या लिपिकांचं," बाई म्हणाल्या. "निवृत्त होऊन औंढ्याला गेलेत."

"आता ते नाहीत ना इथं? मग काढा की," मुलगा म्हणाला.

भाची एसटीने औंढा नागनाथला गेली. काकांनी आधी चहा ठेवायला लावला, मग म्हणाले, "अजून आहे का ती फाइल? माय, त्या वर्षी साऱ्या पुस्तकांना बारकोड चिकटवायचं काम चाललेलं. एक सुरक्षेची दुरुस्ती आली आणि लेबलं कोरी निघायला लागली. कंपनीवाल्यानं हात वर केले. मग मी जुनीच आवृत्ती धरून ठेवली आणि काम तडीस नेलं."

"पण काका, त्यामुळं छपाईच्या पुढच्या दुरुस्त्या आल्याच नाहीत. सप्टेंबर २०२४ मध्ये कप्समध्ये गंभीर दोष निघाले होते."

काका जरा वेळ बोलले नाहीत. "ते खरं. तेवढा विचार तेव्हा नव्हता केला. पण आता काढशील तर आधी लेबल छापून बघ." मग त्यांनी विचारलं, "हे इथं दुधाळ्याच्या बाजूला लायगो उभं राहायलंय, ते लोक काय करत असतील?"

लायगो-इंडियाला केंद्राची २,६०० कोटींची मंजुरी एप्रिल २०२३ मध्ये मिळाली. गुरुत्वीय लहरींच्या या जागतिक कामातली आकडेमोड लिनक्सवरच चालते, हे भाचीला ठाऊक होतं. "तेही आवृत्त्या धरून ठेवतात, काका. कोणत्या आवृत्तीवर कोणता निकाल काढला याची नोंद ठेवतात, म्हणजे दुसऱ्याला तो पडताळता येतो."

"म्हणजे धरून ठेवणं वाईट नाही तर."

"नाहीच."

वसमतला परतल्यावर तिने मूळ मशीनला हात लावला नाही. वाचनालयातल्या दुसऱ्या संगणकावर पेन ड्राइव्हवरून डेबियन १२ चालवलं आणि प्रिंटर त्याला जोडला. पहिलं लेबल तिरपं आलं. कागदाचं माप बदललं, दुसरं सरळ आलं. मुलाने दुकानातून स्कॅनर आणून ते वाचूनही पाहिलं. कारण उरलं नव्हतं. मग ती फाइल बाजूला काढून ठेवली, पुसली नाही. पुन्हा आज्ञा दिल्यावर ॲप्टने काय येणार आणि काय जाणार याची लांबलचक यादी दाखवली. ती मुलाने एकेक ओळ मोठ्याने वाचली आणि मगच होकार दिला. संध्याकाळी देवघेव नव्या डेबियनवर सुरू झाली.

एक गोष्ट राहिली होती. कोहाची नवी मोठी आवृत्ती आता बसवता आली असती, पण अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची मुलं रोज पुस्तकं नेत होती. या दिवसांत नवे पडदे नकोत, असं बाईंचं म्हणणं पडलं. कोहा आहे त्या आवृत्तीवर धरून ठेवायची फाइल मुलगाच लिहायला बसला. चौथ्या ओळीपाशी तो थबकला, म्हणाला, "काकांनी कशासाठी ते लिहिलं. कधीपर्यंत ते लिहायचं राहून गेलं." आणि त्याने लिहिलं: 'अभ्यासिकेतल्या मुलांची परीक्षा आहे, म्हणून कोहा याच आवृत्तीवर. परीक्षा झाली की ही फाइल काढावी. अडलं तर बाईंना विचारावं, नाहीतर दुकानात मला.'