डबे कुठल्या दारात

महाडच्या खाडीपट्ट्यात तुडील नावाचं गाव आहे. भातशेतीचं गाव. घरटी कुणीतरी मुंबईला, नाहीतर आखातात. एका वर्षी तिथल्या मंडळाने १ ऑक्टोबरला, म्हणजे राष्ट्रीय स्वैच्छिक रक्तदान दिनी, शाळेत रक्तदान शिबिर ठेवलं.

मंडळाच्या अध्यक्षांना सगळे भाऊ म्हणत. भाऊ हौशी होते. त्यांनी फलक लावला, '५० बाटल्यांचा संकल्प'. मुंबईकरांनी वर्गणी पाठवली. भाऊंनी महाडच्या बाजारातून स्टीलचे तीन पुडांचे पन्नास डबे आणले आणि शाळेच्या मागच्या दारात त्यांची रास लावली. रक्त द्यायचं, डबा घ्यायचा आणि त्याच दाराने बाहेर पडायचं.

सकाळी रक्तपेढीची गाडी आली. खाटा मांडल्या गेल्या. डॉक्टरबाई व्हरांड्यात टेबल टाकून बसल्या. टेबलासमोरच रांग होती, त्यामुळे बाईंनी विचारलेलं मागच्या चार जणांना ऐकू जात होतं.

पहिल्या काही जणांत मोहल्ल्यातले एक चाचा होते. पन्नाशीचे, काटक. बाईंनी विचारलं, "अलीकडे ताप आला होता का?"

"पावसाळ्यात मुंबईला होतो. मलेरिया झाला होता," चाचा म्हणाले.

"मग आज नको. मलेरिया बरा झाल्यावर तीन महिने थांबावं लागतं."

चाचा उठले आणि मागच्या दाराने बाहेर पडले. बाहेर पिंपळाखाली माणसं बसली होती. त्यांनी चाचांच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"काय चाचा, डबा नाय मिळाला? रक्तात काय निघालं काय?"

चाचा हसले, पण थांबले नाहीत.

दोन बायकाही परत आल्या. त्यांच्या रक्ताचा थेंब निळ्या पाण्यात बुडायच्या ऐवजी तरंगला होता. हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली. त्यांचं कारण सगळ्यांना कळण्यासारखं होतं, म्हणून त्यांना कुणी काही बोललं नाही. चाचांबद्दल मात्र पिंपळाखाली बराच वेळ कुजबुज चालली.

रांगेतल्यांनी ते पाहिलं. त्यानंतर बाईंच्या टेबलावर येणारे फॉर्म फार सोपे झाले. ताप? नाही. कावीळ? नाही. कुत्रं चावलं? नाही. गोंदण? नाही. गोळ्या? नाही. वरपासून खालपर्यंत नुसतं नाही, नाही, नाही. आख्ख्या तुडीलमध्ये वर्षभर कुणी आजारी म्हणून पडलं नव्हतं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. आशाताई शेजारीच पाण्याच्या पिंपाशी उभ्या होत्या. बाईंनी हळूच विचारलं, "ताई, इथे लेप्टोच्या तापाच्या गोळ्या वाटल्या होत्या का?"

"वाटल्या ना. लावणीला चिखलात उतरणाऱ्या सगळ्यांना. घरोघरी जाऊन समोर गिळायला लावल्या."

"यातल्या कुणालाच आठवत नाहीत."

बाईंनी भाऊंना बाजूला घेतलं. "भाऊ, हे डबे मागच्या दारातून उचला."

"का हो मॅडम? वाटायचे नाहीत?"

"तुम्ही आधी विचारलं असतंत, तर आणूच नका म्हटलं असतं. रक्ताच्या बदल्यात काही द्यायचं नसतं. पण आता आणलेत, गावाला सांगितलंत. मग पुढच्या दारात ठेवा. येईल त्याला आत शिरतानाच द्या. रक्त दिलं काय, न दिलं काय. आणि सकाळी रिकाम्या हाताने गेलेल्यांच्या घरीही पोचवा."

भाऊंना ते पटेना. "अहो, मग रक्त कोण देईल? डबा घेऊन लोक घरी जातील. आणि तुम्ही बाटल्या तपासताच ना? खराब असेल ती फेकून द्या."

"तपासतो. प्रत्येक बाटली तपासतो. एचआयव्ही, ब कावीळ, क कावीळ, गरमी, मलेरिया. पण संसर्ग झाल्यावर सुरुवातीचे काही दिवस तपासणीत काही दिसत नाही. नवी नॅट तपासणी ते दिवस कमी करते, संपवत नाही. तेवढ्या दिवसांत ते रक्त चांगल्या रक्तासारखंच दिसतं. एका बाटलीतून तांबड्या पेशी, प्लाझ्मा, प्लेटलेट वेगळे होतात आणि तीन वेगवेगळ्या माणसांना जातात. ते दिवस फक्त देणाऱ्यालाच माहीत असतात. आणि तो मला का सांगेल, भाऊ? तुमचा डबा हातात नसला की पिंपळाखालची माणसं त्याचा आजार ठरवून मोकळी होतात."

भाऊ काही बोलले नाहीत. त्यांनी पोरांना हाक मारली आणि डबे पुढच्या दारात आणवले. बाईंनीही आपलं टेबल व्हरांड्यातून उचलून पहिलीच्या वर्गात नेलं आणि दार लोटून घेतलं. आता एका वेळी एकच माणूस आत जाई.

भाऊ म्हणाले होते तेही खोटं नव्हतं. डबा घेऊन काही जण सरळ चालते झाले. त्यातल्या एकाने तर बायकोला पाठवून दुसरा डबा नेला. माणसं अशी असतात, त्याला इलाज नाही.

पण वर्गात बसलेल्या बाईंचे फॉर्म बदलले. कुणाला आठवलं, चार महिन्यांपूर्वी कुत्रं चावून इंजेक्शनं घेतली होती. कुणी बाही वर करून नवं गोंदण दाखवलं. एकाने लहानपणीची नव्हे, गेल्या वर्षीची कावीळ सांगितली. बाई प्रत्येकाला कारण सांगत, किती दिवस थांबायचं ते सांगत, आणि त्याच्याशी दोन शब्द जास्तच बोलत. आतून येणारा प्रत्येक जण डबा घेऊनच बाहेर पडे. कोणी रक्त दिलं आणि कोणी नाही, हे पिंपळाखाली कुणाला कळेना.

दुपारी गर्दी ओसरल्यावर एक पोरगा वर्गाच्या दारात आला. टेम्पो चालवायचा, महाडच्या एमआयडीसीतला माल मुंबईला न्यायचा. सकाळीच त्याने रक्त दिलं होतं. डबा त्याच्या हातात होता.

"बाई, हा परत घ्या."

"का रे?"

तो खाली बघत राहिला. मग म्हणाला, "सकाळी सगळ्याला नाही लिवलं. पण गेल्या महिन्यात मुंबईला..." आणि थांबला.

बाईंनी पुढे विचारलं नाही. "कळलं. तुझी बाटली वापरू नये, एवढंच ना?"

त्याने मान हलवली.

बाईंनी त्याच्या फॉर्मवरचा क्रमांक पाहिला. बाटल्यांवर नावं नसतात, क्रमांक असतात. त्यांनी गार पेटी उघडली, तो क्रमांक शोधला आणि ती बाटली वेगळी काढून ठेवली. खाटा आवरणाऱ्या माणसांनाही ती कुणाची ते कळलं नाही. मग त्यांनी एका चिठ्ठीवर सरकारी तपासणी केंद्राचं नाव लिहिलं, तपासणी फुकट असते आणि नाव बाहेर जात नाही हे सांगितलं, आणि काही दिवसांनी पुन्हा एकदा तपासायला बजावलं.

"आणि डबा?" त्याने विचारलं.

"घेऊन जा. नाहीतर घरी विचारतील."

संध्याकाळी बाटल्या मोजल्या, तेव्हा संकल्पाच्या निम्म्याही नव्हत्या. फलकासमोर फोटो काढायला भाऊ उभे राहिले नाहीत.

रक्त विकण्याची चाल आपल्याकडे फार जुनी नाही आणि फार दूरचीही नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून धंदेवाईक रक्तदात्यांवर बंदी आली. तोवर गरजू माणसं पैशासाठी रांग लावत, आणि पैशाच्या रांगेत आजार सांगणं परवडत नसे. रिचर्ड टिटमस या इंग्रज अभ्यासकाने १९७० मध्येच लिहून ठेवलं होतं की विकत घेतलेलं रक्त दान मिळालेल्या रक्तापेक्षा जास्त धोक्याचं असतं, कारण विकणाऱ्याला लपवण्याचं कारण असतं. तुडीलच्या डब्यात पैसे नव्हते. तिथे लपवण्याचं कारण लाज होतं, आणि डबा तिची खूण झाला होता. तपासणीची यंत्रं शहरात होती. पण त्या दिवशी तीन रुग्णांचा धोका टाळणारी तपासणी पहिलीच्या वर्गात झाली, एका लोटलेल्या दाराआड.

पुढच्या सप्टेंबरात मंडळाची बैठक बसली. कुणीतरी म्हणालं, यंदा हेल्मेट देऊ, शेजारच्या गावाने दिली. चाचा बैठकीत होते, त्यांनी भाऊंकडे पाहिलं. भाऊंनी खर्चाच्या वहीत चहा लिहिला, बिस्किटं लिहिली, आणि खाली लिहिलं, 'प्रश्न विचारायला वेगळी खोली, दाराची कडी दुरुस्त करणे.'